रविवारची चक्कर

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. फक्त तांत्रिक नोंदी. मनातलं वगैरे लिहिणार नाही, तेवढा वेळ नाही.

सकाळी सासऱ्यांचा फोन. दर रविवारी असतोच, पण आज बॉम्ब टाकला. मार्चमध्ये दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय. त्याआधी चार दिवस लेकीकडे येणार, आणि आपल्या जीपमधून धरणावरच्या टेकडीवर जाणार. तिथला कच्चा रस्ता त्यांनीच आखला होता, नोकरीत असताना, याच जीपमधून. ऑपरेशननंतर डॉक्टर असल्या गाडीत चढू देतील असं त्यांना वाटत नाही, म्हणून एकदा. मी म्हणालो, बाबा, गाडी तयार आहे, तुम्ही या फक्त.

गाडी तयार नाही.

वस्तुस्थिती लिहून ठेवतो. ही जीप त्यांनी मला नऊ वर्षांपूर्वी दिली. स्वतः चालवत आणली, मागच्या अंगणात लावली, किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि बसने परत गेले. संध्याकाळी मी किल्ली फिरवली, तर नुसती गुरगुर. सुरू होईना. तेवढ्यात त्यांचा फोन, गाडी कशी आहे म्हणून. आता दिलेली भेट पहिल्याच दिवशी बिघडली असं तोंडावर सांगणं बरं दिसतं का? म्हणालो, फर्स्ट क्लास, आत्ताच चक्कर मारून आलो. जरा वेळ थांबून त्यांनी विचारलं, कुठवर? म्हटलं, रेल्वे फाटकापर्यंत. पुढच्या रविवारी परत तेच, आज कुठवर गेलात? तेव्हापासून दर रविवारी मी कुठे ना कुठे जाऊन येतो. याला कुणी खोटं म्हणू नये. गाडी दुरुस्त करायचीच होती. मी बातमी तेवढी जरा आधी देत होतो.

बायकोने विचारलं, आता कोण दुरुस्त करणार? म्हटलं, मी. ती भाजी निवडत राहिली. निवडलेली भाजी परत निवडली.

३ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत प्लॅन केला. टप्पे: पाहणी, खरेदी, दुरुस्ती, उद्घाटन. त्यातली खरेदी आधी उरकली, कारण दुकान वाटेवर लागतं. मेकॅनिक घालतात तसला निळा बॉयलर सूट, गॉगल, हातमोजे आणि पान्यांची मोठी पेटी. दुकानदार म्हणाला, घरच्या कामाला लहान पेटी पुरेल. गिऱ्हाइकाला कमी लेखायची सवय असते या लोकांना. मोठीच घेतली.

बॉयलर सूटची चेन छातीपर्यंत येते आणि थांबते. श्वास सोडला की वर जाते. म्हणजे सूट बरोबर आहे, श्वास जास्त घेतला जातोय. व्यायाम सुरू करायचा. सोमवारपासून. (पुढच्या.)

संध्याकाळी व्हिडिओ पाहिला. एक परदेशी माणूस गंजलेली जीप पाऊण तासात सुरू करतो. त्यात जाहिराती धरलेल्या आहेत. म्हणजे प्रत्यक्षात आणखी कमी.

काम २० टक्के पूर्ण.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाठीत उसण भरली. बॉयलर सूट काढताना. विश्रांती.

८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ७

पाहणी. ताडपत्री ओढली, ती येईना. ताडपत्रीवर दोडक्याचा वेल आहे. बायकोने जीपचा मांडव केलाय आणि मला याची कल्पना नाही. मी वेल तोडायला निघालो, तर तिने सांगितलं की दोडकी उतरवल्याशिवाय वेलाला हात लावायचा नाही, या गाडीने नऊ वर्षांत दुसरं काहीही दिलेलं नाही. दोडकी उतरेपर्यंत मी बॉयलर सूटमध्ये उभा. श्वास रोखून.

चारही टायर बसलेत. बसलेत म्हणजे जमिनीत गेलेत. सीटखाली उंदरांचं घरटं, त्यात माझा हरवलेला पायमोजा. पेट्रोलच्या टाकीतून असा वास आला की डोळ्यांत पाणी. एकूण स्थिती उत्तम.

भिंतीपलीकडचे आले. हे आमचे शेजारी. कंपाउंडच्या भिंतीवरून डोकं काढून सल्ला देतात. इतक्या वर्षांत मी त्यांना मानेखाली पाहिलेलं नाही. म्हणाले, भंगारवाल्याला माझ्या ओळखीने भाव चांगला मिळेल. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांकडे मी लक्ष देत नाही.

काम ३५ टक्के.

९ फेब्रुवारी, रविवार

सासऱ्यांचा फोन. आज कुठवर गेलात? तोंडातून निघून गेलं, ओढा पार केला. पाणी किती होतं? चाकभर. कितव्या गिअरमध्ये काढली? म्हटलं, थर्ड. ते म्हणाले, हं.

हा हं मला आवडला नाही.

आता लिहायला घेतलंच आहे तर एक गोष्ट लिहून टाकतो, तांत्रिक नसली तरी. लग्न ठरलं तेव्हा सासरे माझ्याबद्दल म्हणाले होते, मुलगा सरळ आहे, फक्त त्याच्या हातात पाना देऊ नका. त्यांच्या तोंडून मी आजवर ठीक, बरं, हं एवढंच ऐकलंय. त्यांनी टेकडीवर उतरावं, गाडीकडे बघावं, मग माझ्याकडे बघावं, आणि एकदा वा म्हणावं. बास. बाकी काही नको.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अर्धी रजा. विचारांती आधी रंग द्यायचं ठरवलं. इंजिन आतून असतं, कुणाला दिसत नाही. रंग दिसतो. शिवाय देखणी गाडी सुरू व्हायला उत्सुक असते, हे माझं मत.

मूळचा हिरवा गंजाखाली नीट कळेना. त्याच्याशी जुळणारं एक पान शोधलं आणि खिशात घातलं. दुकान बंद होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज दुकान उघडं होतं. दुकानदाराने पानाशी हुबेहूब जुळवून रंग करून दिला. माणूस कलावंत आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

दोन दिवस रंगकाम. गंज खरवडायला वेळ नव्हता, गंजावरूनच दिला. त्यामुळे पकड चांगली बसते.

खिशातलं पान दोन दिवसांत पिवळं पडलं होतं हे लक्षात यायला उशीर झाला. भिंतीपलीकडच्यांनी विचारलं, पोपटाला कावीळ झालीय का?

सासऱ्यांना फोनवर म्हटलं, आज गाडी चमकते आहे. निदान हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. त्यांनी विचारलं, कुठवर? म्हटलं, आज धुतली, उद्या जाऊ. त्यांचा आवाज एकदम पडला. म्हणाले, मग आज नाही का कुठे. मलाच वाईट वाटलं. म्हटलं, थांबा, काल संध्याकाळी पवनचक्क्यांपर्यंत गेलो होतो की. मग खुलले. वारा होता का, विचारलं. म्हटलं, प्रचंड.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बॉनेट उघडत नाही. रंगाने चिकटलंय. पकड चांगली बसते असं मी लिहिलंच होतं.

गरम पाणी टाकून पाहिलं. सुरी घालून पाहिली. सुरीचं टोक आत राहिलं. बायकोला सांगितलेलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बायकोने सुरी विचारली. मी मूग गिळून गप्प.

बॉनेट पहारीने उघडलं. एका कोपऱ्याला किंचित वर आलंय. हवा खेळती राहील.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज खरं काम. व्हिडिओवाल्याने सांगितलंय, पेट्रोल जुनं झालं की कार्बोरेटर तुंबतो, तो सोडवून धुवा. सोडवला. आजूबाजूचंही थोडं सोडवलं, हात लागला तेवढं. प्रत्येक भाग वेगळ्या बरणीत, आणि बरणीवर चिठ्ठी. महत्त्वाचा. फार महत्त्वाचा. मधला. हा कशाचा? अशी शास्त्रीय पद्धत आहे. ऑफिसात माझ्या फायली कुणालाही सापडत नाहीत, पण हरवतही नाहीत.

बरण्या स्वयंपाकघरातल्या वापरल्या. त्यांतल्या डाळी एका पातेल्यात ओतून ठेवल्या.

संध्याकाळी ६. बायकोने बरण्या परत घेतल्या. सगळे भाग एका बादलीत. मी सांगितलं, आता कुठला स्क्रू कुठला, हे कळणार कसं? तिने पातेलं पुढे केलं आणि विचारलं, यातली तूर कुठली आणि मूग कुठला, ते आधी सांगा.

जेवायला सगळ्या डाळींची मिळून एक डाळ होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

जोडणी पूर्ण! बादलीत ओंजळभर नटबोल्ट, एक स्प्रिंग आणि एक रबरी चकती उरली. पूर्वीच्या काळी स्वस्ताई होती, कंपन्या हात सैल सोडून भाग टाकायच्या. इंजिन आता हलकं झालंय, अ‍ॅव्हरेज वाढेल.

सासऱ्यांना म्हटलं, इंजिन उघडून सर्व्हिसिंग केलं. पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, स्वतः?

अभिमानाने म्हटलं, स्वतः.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

नवी बॅटरी, ताजं पेट्रोल. किल्ली फिरवली. गुरगुरली! अगदी नऊ वर्षांपूर्वीसारखी गुरगुरली. म्हणजे मी गाडीला मूळ पदावर आणलंय. सुरू तेवढी होत नाही.

इंजिनाचा कोपरान् कोपरा तपासला. जाड वायरी निघतात ते काळं झाकण आहे, कुकरच्या झाकणाएवढं नाही, वाटीएवढं. तेही क्लिपा काढून उघडलं. आत रिकामं. एकदम स्वच्छ. साऱ्या गाडीत ही एकच जागा अशी, की जिथे बिघडायला काही नाही. समाधानाने झाकण लावलं.

काम ९० टक्के. उरलेलं १० टक्के म्हणजे सुरू होणं.

१ मार्च, शनिवार

बायकोने मला न विचारता कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. मी नाराजी चेहऱ्यावर ठेवली. तो आला तोच एका कानाला फोन लावून, आणि गाडी बघून फोनवरच्या माणसाला म्हणाला, नंतर करतो, इथे काहीतरी झालंय.

दहा मिनिटं डोकं घालून बसला. मग ते काळं झाकण उघडलं आणि मला विचारलं, यातली आतली वस्तू कुठंय?

आता प्रसंग असा. समोर बायको. भिंतीवर भिंतीपलीकडचे. आत काही वस्तू असते हेच मला माहीत नाही. पण म्हणून काय असं म्हणायचं? मी शांतपणे सांगितलं, ती ना, ती मी काढून घरात जपून ठेवलीय, वेळ आली की लावतो. तो म्हणाला, मग हरकत नाही, तिच्याशिवाय गाडी जन्मात सुरू व्हायची नाही, आणि तसली आता बाजारात मिळतही नाही. मी म्हटलं, कल्पना आहे.

त्याला चहा पाजून वाटेला लावला. उरलेलं मी बघतो म्हटलं. तो माझ्याकडे बघून हसला नाही, बायकोकडे बघून हसला. हे खटकलं.

कुठली वस्तू?

२ मार्च, रविवार

वस्तू बादलीत असणार, दुसरीकडे जाईल कुठे. काळ्या झाकणात क्रमाने घालून पाहिलं: स्प्रिंग, बोल्ट, रबरी चकती, दोन बोल्ट आणि चकती. शेवटी सुरीचं टोक. गुरगुर तशीच. एकदा निळी ठिणगी उडाली आणि माझा हात आपोआप वर गेला. प्रगती आहे.

फोन आधी बायकोने घेतला. बापलेकीचं अर्धा तास चाललं होतं. ती एकदा अहो खरंच का म्हणाली, आणि मग तोंडाला पदर लावून एवढी हसली की तिला खुर्ची घ्यावी लागली. काय झालं विचारलं, तर म्हणाली, काही नाही, बाबांचं आपलं. मला फोन दिला तेव्हा तेही खोकत होते. वयोमानाने होतं असं.

आज कुठवर, विचारलंच. म्हटलं, फार लांब नाही.

६ मार्च, गुरुवार

चमत्कार. ऑफिसातून आलो तर चारही टायर टम्म! परवा मी पंपाने तीस दाब मारले होते, हवा हळूहळू पसरली असणार. रबर असतंच तसं.

७ मार्च, शुक्रवार

ब्रेक लागतोय. कालपर्यंत पाय तळाला जायचा. गाडीला माझ्या पायाची सवय झाली.

बायकोच्या बाहीला काळं ग्रीस. विचारलं तर म्हणाली, कढई. कढई बदलायला हवी.

९ मार्च, रविवार

गाडी नुसती माझ्या सहवासाने सुधारतेय. बॉनेटचा वर आलेला कोपरा आज सरळ. बादली रिकामी! बायको म्हणते, कचऱ्यात टाकले ते बोल्ट. मी रागावलो, मग विचार केला, जाऊ दे, जास्तीचेच होते.

फक्त ती वस्तू. घरभर शोधली, नऊ वर्षांपूर्वीचे कपडे, ड्रॉवर, माळा. मला ती कशी दिसते हेच माहीत नाही, त्यामुळे काय सापडलं नाही हेही नक्की सांगता येत नाही.

१२ मार्च, बुधवार

परवा सासरे येणार. तोंडचं पाणी पळालंय. पर्यायी योजना आखल्या. एक, पेट्रोल मिळत नाही म्हणायचं. दोन, टेकडीवर चिखल झालाय म्हणायचं. (दोन महिने पाऊस नाही.) तीन, माझी पाठ. तिसरी बरी वाटते, पुरावा आहे.

पण मग टेकडी राहिली. परत त्यांना कुणी नेणार नाही. हे डोक्यातून जात नाही. मी नऊ वर्षं त्यांना जगभर फिरवलं आणि जिथे त्यांना जायचंय तिथे नेता येत नाही. गॅरेजवाल्याकडे गेलो, खरं सांगायलाच गेलो होतो. दारापाशी पोचलो तर तो म्हणाला, साहेब, ती वस्तू जपून आहे ना? म्हटलं, एकदम. परत आलो.

१४ मार्च, शुक्रवार

आले. पिशवी खाली ठेवायच्या आधी काठी टेकत थेट अंगणात. मी मागून चालता चालता पाठ धरली, तयारी म्हणून.

त्यांनी गाडीभोवती हळूहळू फेरी मारली. बराच वेळ बघितलं. म्हणाले, रंग. मी म्हटलं, हो. म्हणाले, हं.

रविवारी सकाळी निघायचं ठरलं. मी म्हटलं, बाबा, माझी पाठ जरा. ते म्हणाले, पाठ असू दे, तुम्हाला नुसतं बसायचंच आहे.

१५ मार्च, शनिवार

झोपेत काळं झाकण दिसतं.

१६ मार्च, रविवार

क्रमाने लिहितो.

सकाळी सगळे अंगणात. सासरे, बायको, भिंतीवर भिंतीपलीकडचे, आणि काहीही कारण नसताना तो गॅरेजवाला. आज फोन खिशात ठेवून आला होता. सासरे म्हणाले, करा सुरू. मी बसलो, किल्ली फिरवली. गुरगुर. परत. गुरगुर. म्हटलं, आश्चर्य आहे, कालपर्यंत तर...

सासऱ्यांनी हात वर केला. चष्म्याची डबी काढली. तिच्यातून अंगठ्याएवढा एक काळा तुकडा काढला, वर पितळेची पट्टी. बॉनेट उघडलं, काळ्या झाकणाच्या क्लिपा काढल्या, तुकडा आत बसवला. न बघता. मग म्हणाले, याला रोटर म्हणतात.

मी किल्लीवरचा हात काढून घेतला.

त्यांनीच सांगितलं. साइटवर गाडी लावली की हा काढून खिशात टाकायचा, म्हणजे कुणी पळवू शकत नाही. नोकरीभर तीच सवय. नऊ वर्षांपूर्वी इथे गाडी लावतानाही हाताने आपलं काम केलं, आणि रोटर खिशात असल्याचं बसमध्ये लक्षात आलं. घरी पोचल्या पोचल्या फोन केला, की गाडी सुरू व्हायची नाही, उद्याच आणून देतो. त्याआधी आपलं सहज विचारलं, गाडी कशी आहे. तर जावई म्हणाला, फर्स्ट क्लास, आत्ताच चक्कर मारून आलो.

सासरे म्हणाले, हातात रोटर, कानात तुमची चक्कर. पुढचं वाक्य बोलताच येईना. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगेल चालत नाही म्हणून, तेव्हा नेऊन देऊ. पुढच्या रविवारी तुम्ही घाट चढलात.

गॅरेजवाला पाठमोरा होऊन हसत होता. बायकोला सगळं माहीत होतं, दोन तारखेपासून. लाज वाटली. इतकी की अंगावरचा बॉयलर सूट सैल झाला. मी कुणाकडेच न बघता किल्ली फिरवली.

सुरू झाली!

एका झटक्यात! धूर, आवाज, सगळं अंगण हादरलं. मला इतका आनंद झाला की क्लचवर पाय आहे हे मी विसरलो आणि तो काढला. गाडीने उडी मारली आणि थेट कंपाउंडच्या भिंतीला भिडली. भिंत पडली. भिंतीपलीकडचे आज प्रथमच पूर्ण दिसले. चट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालतात आणि एका स्टुलावर उभे असतात.

गाडीला काही झालं नाही. पुढचा रंग तेवढा उडाला, खालून मूळचा हिरवा निघाला. फार सुंदर हिरवा आहे.

बायको म्हणाली, उतरा. पदर खोचून बसली, गाडी मागे घेतली, वळवली, आणि गेटच्या बाहेर काढली, भाजीला जावं तशी. बाबांनीच शिकवलंय म्हणे, याच गाडीवर. मी मागे, स्टेपनीला धरून, मांडीवर सासऱ्यांची काठी. टेकडीचा चढ लागला तेव्हा तिने गिअरशेजारची दुसरी दांडी मागे ओढली आणि चारही चाकं ताकदीला लागली. त्या दांडीवर मी महिनाभर हात पुसायचं फडकं वाळत घातलं होतं.

वर पोचलो. खाली धरणाचं पाणी. सासरे बॉनेटला टेकून उभे राहिले. पलीकडच्या वळणाकडे बोट करून म्हणाले, तिथे दगड फुटेना, म्हणून रस्ता वाकवला. बायको डोळे पुसत होती, धूळ म्हणाली.

मी सुरुवात केली, बाबा, ते रविवारचं मी जे. त्यांनी मध्येच थांबवलं. म्हणाले, ओढ्याचं सांगा. कुठलं ओढ्याचं? तेच, चाकभर पाणी होतं ते, फोनवर तुम्ही घाईत आटपलंत. गुडघ्यांनी घरात बसवलंय, रविवारी तेवढं तुमच्याबरोबर बाहेर पडत होतो.

मग सांगितलं. पाणी कसं दोन्ही बाजूंनी उडालं, मधे गाडी कशी अडली, काठावरची म्हैस कशी बघत राहिली. तिथे त्यांनी अडवलं, पाण्यात थर्ड टाकतात होय, सेकंड टाका. मी सेकंड टाकला. गाडी पलीकडे निघाली.

ते म्हणाले, वा.

१८ मार्च, मंगळवार

सासरे परत गेले. टॅक्सीत बसायच्या आधी जीपपाशी गेले, बॉनेट उघडून एकटेच थोडा वेळ उभे होते. भावुक झाले असावेत. मी लांबच राहिलो.

भिंतीचं काम सुरू. भिंतीपलीकडच्यांच्या आग्रहाने थोडी उंच करतोय. त्यांनाही आता मोठं स्टूल लागेल.

२२ मार्च, शनिवार

सासऱ्यांचं ऑपरेशन नीट झालं. हायसं वाटलं.

संकल्प: रोज सकाळी गाडी चालवायचा सराव. क्लच हळू सोडणे. आजपासून. गाडी सुरू झाली नाही. गारठली असेल.

२३ मार्च, रविवार

आज फोन आला नाही. ते अजून दवाखान्यात. दिवसभर चुकल्यासारखं झालं.

३० मार्च, रविवार. सकाळी १०

आठवडाभर नुसती गुरगुर. आज काळं झाकण उघडलं. आत रिकामं. एकदम स्वच्छ.

तेवढ्यात फोन. सासरे घरी आलेत. आवाज बारीक झालाय. अजून महिनाभर खाटेवरच, छत बघून बघून पाठ झालंय म्हणाले. मग विचारलं, जावईबापू, आज कुठवर गेलात?

खिडकीतून जीप दिसत होती. बायकोने तिच्या पुढच्या चाकाशी दोडक्याचं नवं बी लावलंय, ते उगवून आलंय. मनाचा हिय्या केला. नऊ वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते बोललो. म्हटलं, बाबा, गाडी चालत नाही.

पलीकडे खाट करकरली. मग म्हणाले, चालेल कशी, रोटर माझ्या उशाखाली आहे, सवयीने आला. पण ते कुठे विचारलं मी? मी विचारलं, आज कुठवर गेलात?

खुर्ची ओढून बसलो. बायकोने चहा आणून ठेवला आणि तीही बसली.

मग निघालो. फाटक ओलांडलं, पवनचक्क्या मागे टाकल्या. ओढ्याला आज पाणी कमी होतं. तरी सेकंड टाकला.